नदीकांठचीं पांखरें व घरांतील पिशवी

पुणें शहरांत मुळा व मुठा या नद्यांचा संगम होतो व पुढें त्यांचा एक प्रवाह पूर्वेस वाहत जातो. सोलापूर रस्त्यालगत कवडी गांवापाशीं त्यास एक बंधारा आडवा येतो. कवडीपाट या नांवानें प्रसिद्ध असलेलें हें ठिकाण पक्षिनिरीक्षकांस फार प्रिय आहे. हिमालयापलीकडून हिवाळ्यापुरता येणारा चक्रवाक, लांब लाल पायांचा शेकाट्या, शेंपटी हालविणारा धोबी, गुलाबी पिसांचा चित्रबलाक अशीं नाना पांखरें तेथें दृष्टीस पडतात. ज्या चक्रवाकाच्या विरहाचीं वर्णनें संस्कृत कवींनीं केलीं, तोच पक्षी तेथें प्लास्टिकच्या पिशव्यांशेजारीं चारा शोधतांना पाहून आमच्या मनास खेद झाला.

या पिशव्या आपल्याच शहरांतून जातात. रस्त्यावर अगर ओढ्यांत टाकलेली पिशवी पावसाच्या लोंढ्याबरोबर नदींत उतरते व बंधाऱ्याशीं अडकते. प्लास्टिकची दोरी पायास गुंडाळली गेली, कीं रक्ताचा ओघ थांबून पाय निकामी होतो. अन्न समजून गिळलेला तुकडा पचत नाहीं; तो पोटांत जागा अडवून बसतो, आणि पोट भरलेलें असूनहि पांखरूं उपासमारीनें मरतें. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें 2017 सालीं बंदी घातली. तरी झाडांवर लोंबणारा मांजा पांखरांचे पंख कापतोच.

महाराष्ट्र सरकारनें 2018 सालीं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. परंतु कायद्यास लोकशिक्षणाची जोड हवी, या बुद्धीनें आम्ही कांहीं मित्र भाजीबाजारांत जाऊन पांखरांची ही हकीकत सांगूं लागलों. तेव्हां एक वृद्ध भाजीवाली शांतपणें म्हणाली, “बाळांनो, तुमचें खरें आहे. पण मी पिशवी दिली नाहीं, तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जातें. माझ्या घरींहि पिलें आहेत, त्यांनीं काय खावें?”

या प्रश्नाचें उत्तर तिच्याजवळ नव्हे, गिऱ्हाइकाजवळ आहे, हें आम्हांस उमगलें. घरून कापडी पिशवी नेणारास तिनें दुसरी देण्याचें कारणच उरत नाहीं. म्हणून पुढें आम्ही बाजार सोडून आळींतील घरोघर जाऊं लागलों. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून दारामागें टांगाव्या, ओला व सुका कचरा निराळा ठेवावा, एवढेंच आमचें सांगणें असे. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनें 2008 सालीं पुणें महानगरपालिकेशीं करार केला. तिच्या भगिनी दारोदार कचरा गोळा करितात. त्यांच्या हातीं सुका कचरा निराळा पडला, तर त्यांतील पुष्कळसें प्लास्टिक नदीऐवजीं भंगाराच्या दुकानीं पोंचतें आणि त्यांसहि चार पैसे मिळतात.

आमच्या शाळासोबत्यांच्या मातापित्यांस आमची नम्र विनंति आहे, कीं बाजारास निघतांना त्यांनीं दारामागची पिशवी विसरूं नये. त्या वृद्ध भाजीवालीचीं पिलें व नदीकांठचीं पिलें, दोघांचेंहि हित त्यांत आहे.