दाराजवळची खुर्ची

परिषदेच्या त्या दोन दिवसांत मी एक सोडून एकही व्याख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं नाही. बाकी सगळी दारातून ऐकली. कुणाची सुरुवात, कुणाचा शेवट, कुणाच्या प्रमेयाची मधलीच एखादी ओळ. म्हणून माझ्या आठवणीत ती परिषद अशी आहे: कुणीतरी "समजा, हा एक सांत गट आहे" असं म्हणत फळ्याकडे वळतंय आणि नेमका तेव्हाच केटररचा माणूस दाराच्या फटीतून विचारतोय, "ताई, दुपारचे पापड तळायचे की भाजायचे?"

तळायचे, असं मी सांगितलं. त्या गटाचं पुढं काय झालं, ते मला अजून ठाऊक नाही.

मी तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. 22 डिसेंबरला, रामानुजन जयंतीला, आमच्या विभागात दरवर्षी ठरलेला कार्यक्रम व्हायचा. फोटोला हार, भौमितिक रांगोळी, प्रश्नमंजूषा आणि 1729 ची गोष्ट. ती टॅक्सीची गोष्ट मी पाच वर्षांत सहा वेळा ऐकली होती (एकदा तर निरोप समारंभातही). त्या वर्षी आमच्यातल्या चौघापाचजणांनी ठरवलं की मोठ्यांची भाषणं पुरे झाली, आता विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना गणित सांगायचं. दोन दिवस, दोन खोल्या, आसपासच्या कॉलेजांतली मुलं. बोलायला पंधरा मिनिटं, प्रश्नांना पाच. नवं संशोधन हवं अशी अट नाही. एखादी गोष्ट स्वतःला नीट समजलेली असावी आणि ती फळ्यावर सांगता यावी, एवढंच.

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "करा. पण तीन कोटेशनं लागतील."

गणित शिकणाऱ्याला वाटतं, उत्तर आहे हे दाखवलं की काम झालं. कार्यालयाचं तेवढ्यावर भागत नाही. जेवणाचे तीन दर, फ्लेक्सचे तीन दर, फायलींचे तीन दर, त्यांचा तुलनात्मक तक्ता, तक्त्याखाली तिघांच्या सह्या. कोण स्वस्त ते तक्त्यात ढळढळीत दिसत असलं, तरी खाली "सबब सर्वांत कमी दर" असं लिहायचंच. ते "सबब" मला पुढं आवडायला लागलं. युक्लिडच्या पुस्तकातही ते शोभलं असतं.

नोंदणी शुल्क शंभर रुपये ठेवलं होतं. तेवढ्यात पापडसुद्धा निघाले नसते, म्हणून आम्ही देणग्यांसाठी बाजारात फिरलो. एका क्लासच्या मालकांनी पाच हजार देऊ केले. त्यांची अट एकच, फ्लेक्सवर क्लासचं नाव रामानुजनांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात हवं. दोन दिवस घासाघीस करून समान आकारावर तडजोड झाली. त्या फ्लेक्सचा फोटो मी कुणाला दाखवत नाही.

दुकानादुकानांतून हात पसरताना ओशाळल्यासारखं व्हायचं. तेव्हा आमच्या एका निवृत्त सरांनी पाटणची गोष्ट सांगितली. चाळीसगावजवळच्या पाटणला 1207 सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. त्यानं आजोबांच्या 'सिद्धांतशिरोमणी'च्या आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथं मठ काढला, त्या मठाचा हा लेख. वंशाची थोरवी, भास्कराचार्यांच्या विद्वत्तेची स्तुती, हे सगळं संस्कृतात. आणि मठाला कुणी काय द्यायचं ते सांगायची वेळ आली की भाषा मराठी होते! बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा वाटा, चालत्या घाण्यामागं पळीभर तेल. "स्तुती संस्कृतात आणि वसुली मराठीत," सर म्हणाले. "तुमचंही तसंच ठेवा. पत्रिका इंग्रजीत छापा, पण पैसे मराठीत मागा." त्यानंतर पावतीपुस्तक घेऊन दुकानात शिरताना माझा हात कधी आखडला नाही. आठशे वर्षांची वहिवाट होती पाठीशी.

कॉलेजांना पत्रं गेली. उत्तरं येतील याची खात्री नव्हती, पण आली, आणि बहुतेक अशा गावांतून आली जिथं गणिताच्या वर्गात जेमतेम सातआठ मुलं. अशा ठिकाणच्या गणितवेड्या मुलाची अडचण पुस्तकाची नसते. पुस्तक मिळतं. "अरे, हे बघ" असं म्हणायला माणूस मिळत नाही. 1906 च्या डिसेंबरात व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या डेप्युटी कलेक्टरनं ओळखीच्या गणितप्रेमींना एक पत्र पाठवलं होतं. परदेशातली पुस्तकं आणि नियतकालिकं एकेकट्याला परवडत नाहीत, तर वर्गणी काढून मागवू आणि आपसात फिरवू, असा साधा बेत. पुढच्या वर्षी त्यातून जी संस्था उभी राहिली तीच आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी, आणि तिचं ग्रंथालय रँग्लर परांजप्यांनी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात सांभाळलं. डेप्युटी कलेक्टरला पुस्तकं हवी होती हे खरंच. पण ती आपसात फिरवायची, यातलं 'आपसात' मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वेळापत्रकाचं काम आमच्या आलेखशास्त्रवाल्या मित्राकडं होतं. प्रत्येक व्याख्यान हा एक बिंदू, एकाच वेळी ठेवता न येणारी दोन व्याख्यानं रेषेनं जोडायची, मग जोडलेल्या बिंदूंना वेगवेगळे रंग द्यायचे. जितके रंग, तितके तास. रात्रभर खपून त्यानं अत्यंत देखणा, चौरंगी आलेख काढला. सकाळी तीन कॉलेजांतून निरोप आला की आमची शेवटची एसटी साडेचारला आहे. आलेख भिंतीवर तसाच राहिला आणि आम्ही टेबलावर चिठ्ठ्या सरकवत बसलो.

उद्घाटनाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. समई वाऱ्यानं तीनदा विझली, दहाचा कार्यक्रम अकराला सुरू झाला आणि पाहुणे गणित सोडून सगळ्यावर बोलले.

माझं काम दोन नंबरच्या खोलीच्या दाराशी. उशिरा येणाऱ्यांना हळूच आत घ्यायचं, बाराव्या मिनिटाला घंटी एकदा वाजवायची, पंधराव्याला दोनदा, आणि मध्येच उठून चहा, पाणी, जनरेटर, हरवलेली छत्री हे सगळं बघायचं. ते दार उघडताना असं करकरायचं की वक्ता वाक्य विसरायचा. पहिल्या दोन व्याख्यानांनंतर मी होस्टेलवर धावत जाऊन खोबरेल तेलाची बाटली आणली आणि बिजागऱ्यांत ओतली. पळीभर नक्की गेलं असेल.

दाराजवळच्या खुर्चीवरून वक्त्याचा चेहरा दिसतो आणि ऐकणाऱ्यांच्या फक्त पाठी. प्रमेय सांगितलं जातं तेव्हा सगळी डोकी खाली, सगळी पेनं चालू. सिद्धता सुरू झाली की एकेक पेन थांबायला लागतं. पहिलं थांबतं ते खिडकीकडच्या रांगेत, मग तिथून थांबत थांबत पुढं येतं. किती पेनं अजून चालू आहेत ते मोजून मी सांगू शकत होते की वक्त्याला विषय कितपत कळलाय. एका मुलानं चाळीस स्लाइड आणल्या होत्या आणि तो त्या वाचत गेला. सातव्या स्लाइडला खोलीत एकही पेन हलत नव्हतं. त्याच्या पुढच्या मुलीच्या वेळी वीज गेली. ती क्षणभर कावरीबावरी झाली, मग खडू उचलला, आणि तिच्या हाताच्या गतीनं पुन्हा सगळी पेनं चालू लागली. माझं मत तेव्हापासून ठाम आहे, गणित स्लाइडवर सांगू नये. डोकं जेवढं भरभर चालतं त्याहून भरभर चालणारं काहीही खोलीत नसावं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतरचं पहिलं व्याख्यान एका तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीचं होतं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. सकाळीच मला गाठून तिनं विचारलं होतं, "ताई, मराठीत बोललं तर चालेल ना?" चालेल, म्हटलं. दोन पावलं जाऊन ती परत आली. "पण प्रमाणपत्र मिळेल ना तरी?"

जेवणानंतरची वेळ म्हणजे वक्त्याला शिक्षाच. खोलीत दहा जण होते. अकरावी व्हावी म्हणून मी खुर्ची सोडून आत जाऊन बसले.

तिनं फळ्यावर 6174 लिहिलं आणि म्हणाली, "एकसष्ट चौऱ्याहत्तर." मग कृती सांगितली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. 3524 घेतलं तर 5432 वजा 2345, आले 3087. मग 8730 वजा 0378, आले 8352. मग 8532 वजा 2358, आले 6174. पुढं कितीही वेळा करा, 6174 च. कुठल्याही संख्येपासून निघा, सात वजाबाक्यांच्या आत इथंच येऊन पोचता.

हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही असेल. पण मग ती म्हणाली, "हे असं का होतं, ते मी आता सांगते," आणि खोलीतली पेनं उचलली गेली. मोठ्यापासून लहानापर्यंतचे अंक अ, ब, क, ड धरा. वजाबाकी केली की उरतं ते अ आणि ड यांच्या फरकाची 999 पट अधिक ब आणि क यांच्या फरकाची 90 पट. म्हणजे चार अंक बाजूलाच राहिले, दोन फरक तेवढे महत्त्वाचे. पहिला फरक 1 ते 9, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजा, 54 जोड्या. नऊ हजार संख्यांची एवढी मोठी जत्रा, आणि एका वजाबाकीनंतर उरतात फक्त 54. त्या सगळ्या 54 तिनं घरी हातानं करून पाहिल्या होत्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या पानांवर. ती पानं तिनं फळ्याला चिकटपट्टीनं लावली. कुठून निघून कुठं जायचं त्याचे बाण, लाल पेनानं. सगळे बाण वाहत वाहत एका ठिकाणी.

ही वजाबाकी शोधली ती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. डहाणूला 1905 साली जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, मग 1930 ते 1962 देवळालीच्या शाळेत मास्तर. पदव्युत्तर पदवी नाही. सुचलेलं पुष्कळसं स्वतःच पुस्तिका काढून छापलं. एका प्रकारच्या संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवली, म्हणजे तेव्हाच्या डेम्लो, स्टेशनवर सुचली, म्हणून त्या संख्यांचं नाव डेम्लो संख्या. 6174 ची ही गंमत त्यांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत जाऊन सांगितली. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं ते 1975 साली, तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षं लोटली होती. शाळेतला माणूस देवळालीहून मद्रासला जातो तो एक वजाबाकी दाखवायला. ती मुलगीही एसटीनं त्याच वजाबाकीसाठी आली होती.

आणि मला तिचं ते "एकसष्ट चौऱ्याहत्तर" सोडेना. लिहिताना सहा, एक, सात, चार. बोलताना एक आणि साठ, चार आणि सत्तर. आपण मराठी माणसं बोलतानाच अंक उलटे करत असतो. अंकांच्या उलटापालटीचा हा खेळ मराठीत मोजणाऱ्या माणसालाच सुचायचा, असं मला उगाचच वाटलं. सिद्धता नाही.

शेवटी मागच्या बाकावरून एका सरांनी विचारलं, "पाच अंकी संख्यांचं काय होतं?"

"सर, ते मला माहीत नाही," ती म्हणाली आणि खडू ठेवला. दोन दिवसांत मी दारातून बरीच उत्तरं ऐकली होती. ते आमच्या विषयाच्या बाहेर आहे, ते पुढच्या टप्प्यात करू, ते उघडच आहे. हे पहिल्यांदाच ऐकलं.

चहाच्या वेळी ती विभागाच्या पायऱ्यांवर बसलेली दिसली. शेजारी आमच्या वर्गातला एक मुलगा, प्रत्येक वक्त्याची चूक काढण्यासाठी प्रसिद्ध. दोघं पाच अंकी संख्या करत होते आणि त्यांचा कागद संपला होता. माझ्या हातात चहावाल्याची पावती होती, ती दिली. 99954 वजा 45999, आले 53955. मग 95553 वजा 35559, आले 59994. त्याचे अंक मांडले तर पुन्हा 99954. दोघं एकदम थांबले. मुलगा पुन्हा तपासायला लागला, सवयच त्याची.

"हे दोघं एकमेकांना सोडतच नाहीत," ती हसत म्हणाली.

म्हणजे पाच अंकांत सगळ्यांना ओढून घेणारी अशी एकच संख्या नाही. 53955 वर पोचलेला 59994 ला जातो, तिथून परत येतो, आणि जन्मभर येरझारा घालतो. हे जगाला आधीपासून माहीत आहे, हे त्या दोघांना माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. साडेचारची एसटी धरायला ती धावत सुटली. प्रमाणपत्र राहिलं ते राहिलंच. ते मी नंतर पोस्टानं पाठवलं.

मार्चमध्ये परिषदेची फाइल हिशेब तपासणीला गेली. आक्षेप सात आले. पापडांच्या नगसंख्येबद्दल एक, फ्लेक्सच्या आकाराबद्दल एक, आणि शेवटचा असा: व्हाउचर क्रमांक 23, चहा, याच्या मागील बाजूस असंबद्ध आकडेमोड आढळते, खुलासा करावा. मी लिहिलं, "सदर आकडेमोड हा परिषदेच्या कामकाजाचा भाग आहे, सबब ती असंबद्ध नाही." खुलासा मंजूर झाला.