केत्तूर, बिननंबरी

टेंभुर्णीच्या रस्त्याला आम्हा भावांचं पत्र्याचं शेड आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथं एक जुनी बस आली. वऱ्हाडाची भाडी मारून थकलेली. एका शाळेनं विकत घेतलेली. स्कूलबस म्हणजे पिवळीच, तसा नियमच. "दोन हात मारा अन् द्या," म्हणाले. गिऱ्हाइकाला रंग दिसतो, रंगाआधीचे आठ दिवस दिसत नाहीत.

दिवे, बंपर उतरवले. सोड्याच्या पाण्यानं ओशटपणा काढला. मग खरवड. चाकांच्या कमानीत चिखल साचतो, गंज तिथंच जास्त. फुगलेला रंग नखानंही निघतो. खालचा गंज मात्र पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासावा लागतो, नाहीतर नव्या रंगाला फोड येतात. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. धरणाकाठची हवा ओली, सकाळी तांबूस झाक धरलेली असते. म्हणून दिवस मावळायच्या आत रेड ऑक्साइड. नंतर खड्ड्यांत लांबी, त्यावर पाणी मारून कागद, आधी जाड, मग बारीक. आणि डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा खड्डा हाताला लागतो. हे अब्बांनी शिकवलं.

मागच्या पत्र्यावरचे दोन थर निघाले आणि खाली अक्षरं आली. ७८६. त्याखाली 'केत्तूर'. अब्बांचा हात. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

उजनी धरण १९८० साली पुरं झालं. जुनं केत्तूर पाण्यात गेलं. वर वसलं ते केत्तूर १ आणि केत्तूर २. कागदोपत्री नंबर लागला. अब्बांनी गाडीवर तो कधीच घातला नाही. गिऱ्हाईक भांडलं तर म्हणायचे, "गाव एकच होतं."

अक्षरं तशीच ठेवता येत नव्हती. जुन्या रंगाच्या कडा पिवळ्यातून उमटतात. धाकट्यानं पातळ कागद लावून पेन्सिलीनं अक्षरं उतरवून घेतली, मग बिस्मिल्ला म्हणून घासायला सुरुवात केली. अम्मीनं घासणीचं पाणी नालीत जाऊ दिलं नाही. बादलीत धरून शेडमागच्या खड्ड्यात ओतलं. ७८६ म्हणजे नुसते आकडे, असं सांगणारे आमच्यात पुष्कळ आहेत. तिच्यापुढं कोण बोलणार?

चौथ्या दिवशी पिवळा चढला. शाळेनं काचेवर लावायला थांब्यांची यादी पाठवली. जेऊर, केत्तूर १, केत्तूर २. ती आम्ही रेडियमवाल्याकडं धाडली.