कडा

मारुंजीत शनिवारी सकाळी झोप पूर्ण होणं हा नशिबाचा भाग आहे. समोरच्या टॉवरचा स्लॅब, वरच्या मजल्यावर कोणाचं तरी फर्निचर, आणि 'फेज थ्री'कडे जाणारे डंपर. गेल्या दोन विकेंडला या आवाजात थोडी भर मी पण घातली. निमित्त होतं एका एटीव्हीचं मागचं फेंडर.

तर झालं असं, की माझ्या मामेभावाने मुळशीकडे कृषी पर्यटन सुरू केलंय. चुलीवरचं जेवण, हुरडा, बैलगाडी वगैरे, आणि शहरातून आलेल्या पोरांसाठी दोन जुन्या एटीव्ही. (एटीव्ही म्हणजे चार जाड टायरांची ती बाइक, अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पाहिली असेल.) आपल्याकडे यातल्या बहुतेक गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्यामुळे दादाने शेतातच गोल ट्रॅक केलाय. एका गाडीचं मागचं फेंडर पायाशेजारी तडकलं होतं. कड करवतीसारखी झाली होती आणि पहिल्याच आठवड्यात एका मुलाच्या पोटरीला ओरखडा बसला. नवीन फेंडर म्हणजे बाहेरून मागवा, महिनाभर थांबा आणि वर पैसे मोजा. दिवाळीची सुट्टी तोंडावर. दादा फेंडर डिकीत टाकून थेट माझ्याकडे आला.

"तू इंजिनिअर ना? हा पुढचा सगळा भाग उडव. पायाला लागायलाच नको."

मी इंजिनिअर आहे हे खरं, पण रोजचं काम जावाचं. प्लास्टिक कापायला जावा उपयोगी पडत नाही. :)

मदतीला आले आमच्याच विंगमधले काका. भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी फेंडर उलटं केलं, आतल्या बाजूला कोरलेलं 'पीपी' दाखवलं आणि म्हणाले, "पॉलिप्रॉपिलीन. खात्री करायची तर तुकडा बादलीत टाक." टाकला. तरंगला. पीपीची घनता पाण्यापेक्षा कमी, साधारण ०.९, म्हणून ते तरंगतं. एबीएस असतं तर बुडालं असतं. चार वर्षं बी.ई. करून हे मला बादलीसमोर बसून कळलं.

प्लास्टिक कुठलं यावर पुढचं सगळं ठरतं. पीपी साधारण १६० अंशांच्या पुढे वितळतं. जिगसॉ फुल स्पीडला चालवला तर घर्षणानेच कड वितळते आणि कापलेली फट मागून पुन्हा चिकटत जाते. म्हणून साधं एक्सा ब्लेड आणि हळू हात. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, टेपवर मार्करने रेघ, आणि रेघेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेरून काप. उरलेलं कानशीने रेघेपर्यंत आणायचं. प्लास्टिक कापल्यावर परत जोडता येत नाही, तिथे 'अनडू' नाही.

पण काप कुठे घ्यायचा, यावरून खरा वाद झाला.

दादाला पाय ठेवायच्या जागेमागचा अख्खा पडदाच काढायचा होता. वरून पाहिलं तर तो निरुपयोगीच वाटतो. पण गाडीवर बसल्याची कल्पना करा. पायाच्या टाचेमागे जेमतेम वीतभर अंतरावर मागचं चाक फिरत असतं. खड्ड्यात गाडी उसळली, पाय फुटरेस्टवरून मागे घसरला, तर चाक आणि पाय यांच्यामध्ये फक्त ते प्लास्टिक असतं. आणि सहलीला आलेली पोरं बूट घालून थोडीच येतात? चपला, नाहीतर क्रॉक्स.

ही गाडी खेळणं वाटते, पण तसं नाही. होंडाने १९७० मध्ये आणलेली पहिली गाडी तीनचाकी होती. तीनचाकींचे अपघात इतके झाले की १९८८ मध्ये अमेरिकेत सरकार आणि कंपन्या यांच्यात समझोता होऊन त्यांची विक्री थांबली. आज सगळीकडे चार चाकंच दिसतात त्यामागे असा इतिहास आहे.

हे सगळं मी दादाला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "अरे, पण तडकलेलं ठेवू कसं? उद्या कोणाला लागलं तर माझ्याच दारात येणार ना? लोन आहे माझ्यावर." आणि त्याचंही खरंच होतं. कड ठेवली तर ओरखडा, काढली तर टाच.

काकांनी वाद दोन वाक्यांत मिटवला. "तडा आहे तेवढाच काप. बाकीच्याला आधार दे."

मग तडा जिथे संपत होता तिथे आधी चार मिलिमीटरचं भोक पाडलं. तड्याचं टोक अणकुचीदार असतं, सगळा ताण तिथे गोळा होतो आणि तडा पुढे सरकतो. टोकाला गोल भोक पाडलं की ताण पसरतो. कॉलेजात हे 'कॉमेट' विमानाच्या गोष्टीतून शिकलो होतो. १९५४ मध्ये दोन कॉमेट विमानं हवेत फुटली, आणि चौकशीत धडावर कापलेल्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांपाशी धातू थकल्याचं निघालं. तोच नियम मुळशीच्या फेंडरला. म्हणून आमचा कापही काटकोनात नाही, आतला प्रत्येक कोपरा गोल. राहिलेल्या पडद्याला आतून अॅल्युमिनियमची पट्टी, रुंद वॉशर आणि गोल डोक्याचे बोल्ट.

दुसरा विकेंड फिनिशिंगला गेला. मी पॉलिश पेपर आणून ठेवला होता, पण पीपीवर नुसता पेपर मारला की केसाळ लव येते. काकांची पद्धत वेगळी: ब्लेड कडेवर उभं धरायचं आणि कापायचं नाही, खरवडत ओढायचं. कातळी सुटते आणि खाली गुळगुळीत कड उरते. मग वॉटर पेपर, आधी २२०, मग ४००. शेवटी हीट गन लांबून, हात न थांबवता फिरवायची, म्हणजे वाकून पांढरे पडलेले डागही जातात. हे सगळं टेरेसवर, गॉगल लावून, आणि खाली वर्तमानपत्र. तो चुरा वाऱ्याने उडाला तर थेट नाल्यात जातो. रंग मारायच्या भानगडीत पडलो नाही, पीपीवर खास प्रायमरशिवाय रंग टिकत नाही. कडेला रबर बीडिंग बसवलं आणि झालं.

खरवडता खरवडता काका सहज बोलून गेले, ते डोक्यात राहिलं. मोल्डच्या दोन भागांच्या सांध्यातून प्लास्टिकची पातळ झालर बाहेर येते, तिला 'फ्लॅश' म्हणतात. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कितीतरी शॉपमध्ये मशीनशेजारी उभं राहून ती ब्लेडने काढतात, बऱ्याचदा बायका. एकेका शिफ्टला शेकडो पार्ट. "काम चांगलं झालं की कोणाला दिसतच नाही," काका म्हणाले. "वाईट झालं की लगेच हाताला लागतं."

मी टेस्टिंगवाल्यांबद्दल नेमकं हेच ऐकत आलोय.

रविवारी संध्याकाळी दादा फेंडर न्यायला आला. सोबत त्याची सात वर्षांची मुलगी होती. त्याने स्वतः एकदा कडेवरून हात फिरवला, मग तिला म्हणाला, "बघ गं, कुठे टोचतंय का?"

तिने डोळे मिटून सगळी कड बोटांनी चाचपली. दोनदा. मग म्हणाली, "नाही टोचत. पण बाबा, हे आधी टोचत होतं ते मला सांगितलंच नाही तुम्ही."

दादा काही बोलला नाही. जाताना फक्त विचारलं, "दुसऱ्या गाडीचंही एकदा बघतोस का?"

पुढचा शनिवारही गेला म्हणायचा.