काळी नदीच्या मुखाशी : कारवार

बेळगावहून कारवारला रस्त्यानं जायचं तर खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरायचा. घाट संपला की कद्रा लागतं आणि तिथून काळी नदी जवळजवळ शेवटपर्यंत सोबत करते. मला हाच रस्ता आवडतो, कारण कारवार समजायचं तर आधी काळी पाहायला हवी.

ही नदी जोयडा तालुक्यातच उगम पावते आणि कारवारलाच समुद्राला मिळते. एवढ्या छोट्या प्रवासात तिच्यावर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं झाली. सुप्याच्या धरणात जुनं सुपा गावच बुडालं. कद्र्याजवळच्या कैगा अणुवीज केंद्रातून 2000 पासून वीज मिळते आहे. आपल्या घरातला दिवा लागतो त्यात या नदीचाही वाटा असतो, हे आपल्या फारसं लक्षात येत नाही.

समुद्राकडेही तीच गोष्ट. नौदलाच्या 'सीबर्ड' प्रकल्पाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते 1986 मध्ये झाली आणि 2005 मध्ये 'आयएनएस कदंब' हा तळ सुरू झाला. देशाला तळ हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण बिणगा, अरगा या बाजूच्या लोकांची घरं, शेतं आणि होड्या ओढायची वाळू गेली. भरपाईचे खटले पुढे वर्षानुवर्षं चालले. रापणीवर जगणाऱ्याला किनाऱ्यापासून लांब घर देणं म्हणजे शेतकऱ्याला शेताविना नांगर देण्यासारखंच, असं मला वाटतं.

शहराच्या वाट्याला उरला तो टागोर किनारा. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ, म्हणजे पहिले भारतीय आयसीएस, इथे न्यायाधीश होते. त्यांच्याकडे मुक्कामाला असताना तरुण रवींद्रनाथांनी 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक लिहिलं. किनाऱ्यावरच 'चपळ' ही क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून उभी आहे. मुलांना टागोरांपेक्षा तीच जास्त आवडते, हे सांगायला नकोच!

भाषेच्या बाबतीत कारवार आपल्यासारखंच आहे. हा जिल्हा 1862 मध्ये मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला आणि 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगानं 1967 मध्ये महाराष्ट्राचा कारवारवरचा दावा अमान्य केला. मासळी बाजारात मात्र घासाघीस कोंकणीतच चालते, पाट्या कन्नडमध्ये असतात आणि मराठीत बोललात तर मराठीतच उत्तर मिळतं. आमच्या कॉलेजात तिकडून आलेली मुलं तीन भाषांत भांडतात आणि चौथीत परीक्षा देतात.

नदीपलीकडे सदाशिवगड. सोंद्याच्या बसवलिंग राजानं वडिलांच्या नावानं तो बांधला. गडाखालून गोव्याकडे जाणारा जुना पूल 7 ऑगस्ट 2024 च्या मध्यरात्रीनंतर काळीत कोसळला. एक ट्रक खाली गेला, पण चालक वाचला. त्याला बाहेर काढण्यात मच्छीमारांचाही हात होता. शेजारचा नवा पूल टिकला म्हणून वाहतूक तरली.

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात अणशीत दरडी कोसळतात, आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बाजारात तिसऱ्या मिळाल्या तर सोडू नका. मात्र भाव कोंकणीत विचारा.