मागल्या ओळींतला गळा

आम्हांला गाण्याचा कान आहे असा आमचा समज आहे. गळा नाहीं याबद्दल मात्र घरांत कोणाचाच मतभेद नाहीं. तरीहि नांदेडास असतां गोदाकाठच्या गल्लींतील भजनी मंडळांत आम्ही इमानानें टाळ कुटीत असूं. भजनाचा मोठेपणा हाच कीं, तेथें बेसुऱ्यासहि जागा असते. बुवांनीं चाल उचलली कीं मागील दहाबारा गळे ध्रुपद धरतात, आणि त्यांत कोणता आवाज कोणाचा हें देवालाहि सांगतां येऊं नये!

या उदार मंडळांतून एक मनुष्य मात्र बाहेर गेला. तो आम्हां सर्वांहून सुरेल होता. गळा उंच व नाजूक. चालणें-बोलणेंहि तसेंच मृदु. दर मार्गशीर्षांत माळेगांवच्या जत्रेंत तमाशांतल्या नाच्याला आम्हीच शिट्ट्या वाजवून दाद देत असूं. पण तोच हावभाव शेजारीं बसून अभंग म्हणूं लागला कीं आम्हांस अब्रू आठवे. एका एकादशीस कोणीसें त्याला म्हणालें, "तूं नुसता टाळ धर, गाऊं नकोस. लोक हंसतात." ते लोक म्हणजे आम्हीच होतों. त्यानें टाळ खालीं ठेवले, बुवांच्या पायां पडला आणि उठून गेला. तो पुन्हां आला नाहीं.

पुढें पोटापाण्यासाठीं आम्ही लातुरास आलों. गेल्या दिवाळींत मुंबईचा भाचा घरीं आला होता. त्यानें एका गायकवृंदाचें चित्रमुद्रण आमच्यापुढें धरलें व म्हणाला, "मामा, दुसऱ्या ओळींत बघा." बघितलें. तोच उभा होता. वृंद समलिंगी स्त्रीपुरुषांचा होता. भाच्याला जें सांगावयाचें होतें, तें त्यानें असें सांगितलें.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. मग या गाण्याची हकीकत आम्हीं त्याच्याकडून व इतर ठिकाणांहून जमविली. 1978 च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें जॉन सिम्स यांनीं समलिंगी पुरुषांचा वृंद जमविला व 'गे' हा शब्द उघडपणें नांवांतच घातला. तालमींस महिना होतो न होतो, तोंच 27 नोव्हेंबरला तेथील महापौर जॉर्ज मॉस्कोनी व आपण समलिंगी असल्याचें न लपविणारे नगरप्रतिनिधि हार्वे मिल्क यांचा नगरभवनांत खून झाला. त्या रात्रीं हजारों लोक मेणबत्त्या घेऊन जमले, आणि नगरभवनाच्या पायऱ्यांवर या वृंदानें आपलें पहिलें जाहीर गाणें म्हटलें. तें मेंडेलसोनच्या प्रार्थनेचें होतें.

पुढें एड्सनें त्यांतील सुमारें 300 गायक नेले. 1993 च्या एका छायाचित्रांत मूळ वृंदांतील उरलेले मोजके गायक पांढऱ्या वेषांत समोर तोंड करून उभे आहेत. बाकीचे काळ्या वेषांत, पाठ फिरवून, मृतांच्या जागीं. त्याच सालीं 30 सप्टेंबरच्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें आम्हां लातूरकरांस रिकाम्या जागा मोजावयास शिकविलें होतें. त्या पाठमोऱ्या रांगा आम्हांला परक्या वाटल्या नाहींत.

आपल्याकडे मुंबईंत 'रेनबो व्हॉइसेस' हा वृंद 2014 सालीं निघाला. आदल्याच डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें कलम 377 पूर्ववत् केलें होतें. प्रौढांच्या परस्परसंमत प्रेमावरील तो डाग पुसला जावयास 2018 चा सप्टेंबर उजाडावा लागला. ज्यांचें प्रेम गुन्हा होतें, ते तोंवर गात राहिले.

एकट्यानें "मी असा आहें" म्हणावयास छाती लागते. वृंदांत एकाचा कांपरा स्वर शेजारचा सांवरून घेतो. कोणी एकटा उघडा पडत नाहीं आणि कोणी लपतहि नाहीं. भजनाचें तरी दुसरें मर्म काय? तें आम्हीं जन्मभर टाळांत धरलें होतें, आणि ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज होती त्यालाच आम्हीं गप्प केलें.

भाच्यास आम्हीं आषाढी एकादशीचें आमंत्रण दिलें आहे. "समोर बैस, मागल्या ओळींत नको," असेंहि बजावलें आहे. येथील मंडळींस अजून कांहीं सांगितलेलें नाहीं. धीर गोळा करीत आहों. त्यालाहि साथ लागते.