कॅबिनेट उघडल्यावर

मामीच्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं, तर हीटसिंकच्या पात्यांत झेंडूची वाळलेली पाकळी अडकलेली. वरच्या जाळीतून आत पडली असणार, कुठल्यातरी दसऱ्याला. पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं अजून शाबूत होती.

खंडेनवमीला विळ्याला आधी धार लागते, शिलाई मशीनला तेल मिळतं, रंधा पुसला जातो. मगच त्यांच्यावर फूल ठेवतात. कॉम्प्युटरला मात्र नुसतंच फूल. त्याच्या पोटात कुणी डोकावत नाही. भीतीच वाटते लोकांना, आणि त्या भीतीचं मला फार वाईट वाटतं, कारण चार स्क्रूंच्या पलीकडे घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. धूळ असते.

तीही ज्या त्या घराची. मामीकडची करडी, चिकट; रोजची उदबत्ती आणि फोडणीचा धूर तिच्यात मुरलेला. रस्त्याकाठच्या घरात ती काळी निघते, शिवणकाम चालतं तिथे धाग्यांची. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकच्या पात्यांत चढते आणि पंखा ती उडवून लावतो. पात्यांत धुळीचं बूच बसलं की पंखा घोंघावतो, प्रोसेसर जीव वाचवायला आपला वेग उतरवतो, आणि घरातले म्हणतात, व्हायरस आला.

काम सोपं आहे. प्लग काढायचा, मग पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांवर उतरत नाही. चित्रकलेचा मऊ, कोरडा ब्रश घ्यायचा. पंखा बोटाने धरून ठेवायचा, फुंकरीने गरगरू द्यायचा नाही. ओलं फडकं आत न्यायचंच नाही. आणि मशीन सुरू न होता नुसतंच पीं पीं करत असेल, तर रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून पेन्सिलचं खोडरबर हलकेच फिरवायचं, कण झटकायचे, पट्टी दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्क वाजेपर्यंत दाबायची. आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या दुरुस्तीवाल्यांनी या खोडरबरावर किती कॉम्प्युटर पुन्हा उभे केले असतील! मला ही युक्ती मनापासून आवडते. एका बटणात सगळं साफ करून देणारी सॉफ्टवेअरं मला आवडत नाहीत. ती काय पुसतात ते दिसत नाही.

दिसणारी सफाई मी पाहिली आहे. आमच्याकडे विंडोज ९८ होतं, आणि त्यात डिस्क डीफ्रॅगमेंटर. हार्ड डिस्कवर जिथे जागा सापडेल तिथे फाइलीचा तुकडा ठेवला जातो. पुढे तुकडे इतके पांगतात की एक फाइल वाचायला डिस्कच्या हेडला सगळीकडे धावावं लागतं. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी ती तबकडी, आणि तिच्यावर केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगणारं हेड. डीफ्रॅग ते तुकडे शेजारी शेजारी आणून बसवायचं. ‘शो डिटेल्स’ दाबलं की पडदाभर रंगीत चौकोन पसरत, आणि एकेक उचलला जाऊन जागेवर बसे.

आजी तांदळाचं ताट घेऊन समोरच बसायची.

“काय निवडतंय रे ते?”

“फायलींचे तुकडे.”

तिला एवढं पुरे झालं. डोळे पडद्यावर, बोटं ताटात. मध्येच दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने डिस्कवर काही लिहिलं की डीफ्रॅग पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं, आणि आजी हळहळायची. मग तिनेच नियम केला: चौकोन हलताहेत तोवर माउसला कुणी हात लावायचा नाही. धाकट्याला तिने दोनदा उठवून लावलं होतं. काही चौकोन जागचे हलतच नसत. “हे कुणाचे?” सिस्टीमचे, म्हटलं. “बरं, असू देत.”

आता एसएसडीला हे लागत नाही, उलट उगाच लिहून लिहून ती झिजते. तिची निगा विंडोज आपली आपण राखतं. निगा आपल्या हाती उरली ती एका गोष्टीची: फोटोंची दुसरी प्रत, वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात. हार्ड डिस्क जाताना कधी कटकट वाजते, कधी काहीच सांगत नाही.

पण तेव्हा आमचा शत्रू भारनियमन होता. एकदा निम्म्याहून अधिक चौकोन जागेवर बसले होते आणि वीज गेली. पुन्हा आली की स्कॅनडिस्कचा निळा पडदा येणार, मग सगळं नव्याने. मी वैतागून उठलो. आजीने अंधारातच ताट बाजूला सारलं.

“उद्या पहाटे पाचला लाव,” म्हणाली. “तेव्हा वीज जात नाही. मी उठलेली असते.”