भूतकेसाचे पांढरे पान



लोणावळ्यात पाऊस नुसता कोसळतो आहे. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच कुजतात. अंगणातला भूतकेस मात्र मजेत आहे! हिरव्या झुडपावर तळहाताएवढी पांढरी पाने आणि प्रत्येकापाशी नारिंगी चांदणीसारखे इवलेसे फूल. संध्याकाळी धुके उतरले की ती पांढरी पाने तेवढी दिसतात. मग नाव पटते.

चार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांच्या कुंपणावरून पेन्सिलीच्या जाडीची फांदी आणून जूनमध्ये लावली. पाणी साचले की मुळे कुजतात, म्हणून खाली विटांचे तुकडे घातले. रानात हे झुडूप वाटेल तसे पसरते. मी दरवर्षी बहर संपला की छाटते. नव्या फुटव्यांवर भरपूर फुले येतात आणि झुडूप कमरेएवढेच राहते. पहिल्या उन्हाळ्यात पाने झडून नुसत्या काड्या उरल्या. सूनबाई म्हणाल्या, "आई, मेलं हो, उपटून टाकू." मी नखाने साल खरवडली, आत हिरवे होते. वाचले बिचारे!

पण आज लिहायचे आहे ते वेगळेच.

१९८६ साली सातवीची सहल भाज्याहून लोहगडावर नेली होती. मी मराठीची बी.ए., पण शाळा लहान, त्यामुळे विज्ञानही माझ्याकडेच. गायमुख खिंडीच्या वाटेवर भूतकेस फुललेला. मी मुलांना सांगितले, "हे पाहा, पांढरे पान." गडाच्या घेऱ्यातल्या वाडीची एक मुलगी म्हणाली, "बाई, पान न्हाई ते. फुलाचंच हाय. बघा ना, फुलाच्या बुडाला चिकटलंय."

मी पाहिले नाही. "आगाऊपणा नको," म्हणाले. सगळी मुले हसली. त्यानंतर वर्षभर तिने वर्गात तोंड उघडले नाही. सातवीनंतर शाळाही सुटली.

ती बरोबर होती. फुलाच्या तळाशी पाच निदले असतात. त्यांतले एकच वाढून पानासारखे पांढरे होते आणि फुलपाखरांना लांबून खुणावते. खरी पाने देठावर समोरासमोर जोडीने येतात, हे तसे येत नाही. फिलिपिन्समधल्या 'डोन्या ऑरोरा' जातीत तर पाचही निदले मोठी असतात. हे सारे मला निवृत्तीनंतर, चहाचा कप हातात घेऊन स्वतःच्या अंगणात कळले. तिला ते बाराव्या वर्षी ठाऊक होते, कारण ती रोज त्याच वाटेने यायची.

ती आता पन्नाशीची असेल. कुठे आहे, माहीत नाही. भेटली तर माफी मागायची आहे.

परवा नातीने विचारले, "आजी, हे पान पांढरं का?" उत्तर ओठांवर आले होते. गिळले. म्हटले, "पान आहे का ते? जरा जवळून बघून मला सांग."

छत्री घेऊन ती पंधरा मिनिटे झुडपापाशी बसली होती.